चार सेकंदांत काय काय सांगाल?

मागच्या अंकात मी एका थरारपटाला साडेतीन तारे दिले आणि त्याच थरारपटाच्या ध्वनिवर्णनाला दीड. सिनेमाच्या ताऱ्यांवरून कुणीच भांडलं नाही. त्या दीड ताऱ्यावरून मात्र इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले, या खेपेला परीक्षण राहू द्या, आधी या लोकांना उत्तरं द्या. म्हणून हा प्रपंच.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मी दृष्टिहीन आहे. उरलीसुरली नजर चौदाव्या वर्षी काचबिंदूने नेली. ध्वनिवर्णन, म्हणजे ज्याला सगळे ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात ते, हा सिनेमासोबत चालणारा एक जादा आवाज असतो. पात्रं बोलायची थांबली की तेवढ्या फटीत तो पडद्यावर काय चाललंय ते सांगतो. माझ्या सदरात सिनेमाबरोबर त्याचंही परीक्षण असतं.

ताई, राग मानू नका, पण दिसत नसताना तुम्ही परीक्षण नक्की कशाचं करता? शेजारी बसून कुणी सांगतं का? – संकलन शिकणारा एक विद्यार्थी

राग कसला! हा प्रश्न मला दातांच्या डॉक्टरांनीही विचारलाय, माझ्या तोंडात कापूस असताना.

सिनेमा मी तीनदा ऐकते. पहिल्यांदा वर्णनासकट, सलग, एकही टिपण न काढता. प्रेक्षक म्हणून मला काय झालं ते या फेरीत कळतं. दुसऱ्यांदा वर्णन बंद करून. ही फेरी मला सगळ्यांत जास्त शिकवते. कोणता नट वाक्य संपल्यावरही श्वासातून अभिनय करतोय, कोण नुसता पाठ म्हणतोय, पावलं फरशीवर आहेत की लाकडावर, दिग्दर्शकाला शांततेची भीती वाटते म्हणून त्याने सगळीकडे व्हायोलिन ओतलंय का, हे वर्णन बंद असलं की लख्ख ऐकू येतं. तिसऱ्यांदा पुन्हा वर्णन लावते आणि ब्रेल नोटटेकरवर मिनिटाबरहुकूम टिपणं काढते. या तिन्ही वेळा शेजारी कुणी नसतं. शेवटी जिथे शंका उरते तेवढ्यापुरती भाचीला बोलावते. ‘बत्तिसाव्या मिनिटाला तो हसतो असं वर्णनात म्हटलंय. खरंच हसतो का गं?’ ती दोनदा पाहते आणि सांगते, ‘हसत नाही मावशी, ओठ दाबतो.’ हसणं आणि ओठ दाबणं यांच्यात एक अख्खं पात्र बदलतं. वर्णनाचा अर्धा तारा तिथेच जातो.

तू संकलन शिकतोयस, म्हणून एक गंमत तुझ्यासाठी. कट ऐकू येतो. प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो, तुम्ही लोक त्याला रूम टोन म्हणता. तो बदलला की मला कळतं, जागा बदलली. आता तुमचा जे-कट घे. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी येतो आणि चित्र मागून. तुमच्या डोळ्यांपुढे अजून बाईचा चेहरा असतो तेव्हा मी रेल्वे स्टेशनवर पोचलेली असते. वर्णनकार चित्राच्या मागे चालणारा असेल तर तो दोन सेकंदांनी मला सांगतो, ‘रेल्वे स्टेशन.’ अहो, मी केव्हाची आलेय! चांगला वर्णनकार अशा ठिकाणी आवाज कुठून येतोय हे सांगत बसत नाही. तो मागे राहिलेल्या बाईच्या चेहऱ्याचं सांगतो.

प्रकाशयोजना आणि रंग यांवर मी स्वतःच्या नावाने मत देत नाही. लिहावंच लागलं तर ‘वर्णनानुसार’ असं लिहिते. आणि एक कबुली: चौदा वर्षांची होईपर्यंत जे नट पाहिले त्यांचे चेहरे डोक्यात तिथेच थांबलेत. आता ते आजोबांच्या भूमिका करतात, पण माझ्यासाठी त्यांचे केस काळेच आहेत. एखाद्या वर्णनात ‘पिकलेली दाढी’ आलं की मला दर वेळी नव्याने धक्का बसतो.

त्या वर्णनाला दीड तारा देणं कृतघ्नपणाचं वाटलं. कुणीतरी तुमच्यासाठी एवढे कष्ट घेतं. काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का? – एक नियमित वाचक

बरं आहे ना. दीड तारा त्याचाच आहे.

त्या सिनेमात काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. विसाव्या मिनिटाला तोंडाला रुमाल बांधलेला माणूस घरात शिरतो. तो कोण, हे डोळस प्रेक्षकाला शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. वर्णनकाराने मात्र तिथेच त्याचं नाव घेतलं. त्याच्या हातातल्या संहितेत ते नाव छापलेलं असणार आणि ते वाचून टाकताना त्याला काहीच वाटलं नसणार. पुढचा सव्वा तास सगळं थिएटर डोकं खाजवत होतं आणि मी एकटी उत्तरपत्रिका हातात घेऊन बसले होते. दुसरी गोष्ट: तळघराचं दार करकरतं तो क्षण. सगळी भीती त्या करकरण्यात होती. नेमकं त्याच्यावर वर्णन आलं, ‘दार हळूहळू उघडतं.’ जे मला स्वतःला ऐकू येत होतं तेच सांगण्यासाठी त्याने ते झाकून टाकलं.

कष्ट सगळेच घेतात. सहाय्यक नट पहाटे चारला उठून मेकअपला बसतो, म्हणून त्याचा वाईट अभिनय आपण चांगला म्हणत नाही. आमच्यातले कितीतरी जण ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणत वर्णन बंद करून सिनेमा ऐकतात. मग निर्माते म्हणतात, बघा, कुणी वापरतच नाही. वर्णन वाईट आहे हे वेळेवर आणि जाहीरपणे सांगणारं कुणी नसलं की असं होतं.

तक्रारीने काय होतं याचं एक उदाहरण देते. १० एप्रिल २०१५ ला नेटफ्लिक्सवर ‘डेअरडेव्हिल’ ही मालिका आली. तिचा नायक अंध वकील आहे. आणि तिला पहिल्या दिवशी ध्वनिवर्णन नव्हतं! दृष्टिहीन प्रेक्षकांनी गप्प न बसता ओरड केली आणि आठवडा उलटायच्या आत वर्णन आलं. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ म्हणत सगळे बसले असते तर तो अंध वकील आमच्यासाठी नुसता धपाधप आवाज होऊन राहिला असता.

ही कल्पना मुळात कुणाची? – एक वाचक

चित्रं बोलून दाखवणारे लोक फार जुने. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत आणि काही बेन्शी नटांइतके लोकप्रिय होते. मात्र ते डोळस प्रेक्षकांसाठी बोलत. आमच्यासाठीचं आधुनिक वर्णन अमेरिकेत आकाराला आलं. ग्रेगरी फ्रेझर एका अंध मित्राला टीव्हीवरचा सिनेमा सांगत होते, त्यातून त्यांना हे सुचलं आणि सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी त्यावर पदव्युत्तर प्रबंध लिहिला. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फॅनस्टील यांनी नाटकाचं वर्णन सुरू केलं. मार्गारेटबाईंची स्वतःची दृष्टी गेलेली होती. १९९० पासून बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राने टीव्ही कार्यक्रमांना नियमित वर्णन द्यायला सुरुवात केली. मला या सगळ्यात तो टीव्हीसमोर बसलेला मित्र आवडतो. त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही, पण पहिला परीक्षक तोच.

मी निवृत्त भाषाशिक्षिका आहे. वर्णन लिहिण्याचं काम शिकावंसं वाटतं. चांगलं वर्णन कसं ओळखायचं? – एक शिक्षिका

बाई, तुमच्यासारखीच माणसं हवीत. कार्यशाळेत मी एक प्रसंग देते, तोच तुम्हाला देते.

मुलगी कायमची परदेशी निघालीय. ती पलंगावर बॅग भरतेय. वडील खोलीत येतात, मनगटावरचं घड्याळ काढतात आणि तिच्या बॅगेत कपड्यांखाली सरकवतात. तिच्या हे लक्षात येतं, पण ती वर बघत नाही. मग खाली टॅक्सीचा हॉर्न. शेवटचा संवाद संपल्यापासून हॉर्नपर्यंत तुमच्याकडे चार सेकंद आहेत. चार सेकंदांत नीट उच्चारलेले नऊ-दहा शब्द मावतात.

बहुतेक सगळे पहिल्यांदा असं काहीतरी लिहितात: ‘अतिशय दुःखी झालेले वडील आपलं लाडकं घड्याळ हळूच मुलीच्या बॅगेत ठेवतात आणि मुलगी ते पाहूनही न पाहिल्यासारखं करते.’ अठरा शब्द. ‘पाहूनही’पर्यंत पोचता पोचता हॉर्न वाजून जातो. मग कात्री घ्यायची. ‘अतिशय दुःखी’ हे मागची बासरी सांगतेय, शिवाय दुःखी की ओशाळलेले ते मला ठरवू द्या. घड्याळ ‘लाडकं’ आहे हे तुम्हाला कुठे दिसलं? ‘हळूच’ला जागा नाही, घड्याळ आपटल्याचा आवाज आला नाही यातच ते आलं. उरतं ते असं: ‘वडील घड्याळ काढतात. मुलीच्या बॅगेत सरकवतात. तिचे हात थांबतात.’

नऊ शब्द. ‘पाहूनही न पाहिल्यासारखं’ या सगळ्या पसाऱ्याचं काम ‘तिचे हात थांबतात’ करून जातं. आम्ही खूष झालो. मग तो मजकूर मी एका दृष्टिहीन तपासनिसाला ऐकवला. तो जन्मांध आहे आणि भलता चिकित्सक. तो म्हणाला, ‘घड्याळ काढतात म्हणजे? भिंतीवरचं?’ आम्ही सगळे खो खो हसलो, पण त्याचं बरोबर होतं. तेवढा घरचा माणूस कायमचा निघालाय, बाप भिंतीवरचं घड्याळही देईल एखादा! शेवटी ठरलं ते असं: ‘वडील मनगटावरचं घड्याळ काढतात. बॅगेत सरकवतात. मुलीचे हात थांबतात.’ बॅग कुणाची हे आधीच कळलेलं आहे, म्हणून तो शब्द गेला आणि मनगट आलं. शब्द पुन्हा नऊच.

आता भाषाशिक्षिकेसाठी खास तीन कुलंगडी. एक: आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘तो पिस्तूल तिच्या डोक्याच्या दिशेने’ इथपर्यंत तुम्ही आलात आणि गोळी सुटली की वाक्य अधांतरी. पिस्तूल रोखलं, टाकलं की खिशात घातलं? म्हणून वाक्यं तोडायची, क्रियापद लवकर गाठायचं.

दोन: आपलं क्रियापद चहाडखोर आहे. हेल्मेट घातलेलं कुणीतरी आत येतं. ‘येतो’ म्हणाल तर पुरुष, ‘येते’ म्हणाल तर बाई, आणि रहस्य तर तेच आहे. अशा वेळी ‘व्यक्ती’ किंवा ‘आकृती’ हे शब्द देवासारखे धावून येतात. व्याकरणाने ते स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘हेल्मेट घातलेली एक व्यक्ती आत येते’ म्हटलं की कुणाचंच काही उघडं पडत नाही. ‘कुणीतरी येतं’ हेही चालतं, पण सारखं सारखं भुताच्या गोष्टीसारखं वाटतं.

तीन, आणि हे मला अजून पुरतं सुटलेलं नाही: अहोजाहो. वर्णनकार नायकाला ‘तो’ म्हणतो आणि नायकाच्या काकांना ‘ते’. मध्यंतरानंतर कळतं की खून काकांनीच केलाय. आता काय म्हणायचं? माझ्या कार्यशाळेत एकाने उघडकीनंतरच्या पहिल्याच वाक्यात ‘काका मागे सरकतो’ असं लिहिलं. खोलीत शांतता पसरली. परिणाम जबरदस्त होता, हे मान्य. तरी मी ते खोडायला लावलं. काकांना एकेरीवर आणायचं की नाही हा निकाल प्रेक्षकाने मनात द्यायचा. वर्णनकार न्यायाधीश झाला की मी उठून जाते. त्या मुलाला अजून ते पटलेलं नाही. कधी कधी मलाही वाटतं, त्याचं ऐकायला हवं होतं.

अलीकडच्या कुठल्या सिनेमांनी वर्णनकारांची खरी परीक्षा घेतली? – सिनेमावेडा वाचक

माझ्या मनात तीन आहेत आणि तिघांचे पेपर वेगवेगळे.

पहिला ‘फ्लो’, २०२४ चा, लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा. त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. महापुरात एक मांजर नावेवर चढतं आणि हळूहळू इतर प्राणी त्याला सोबती मिळतात. अख्ख्या सिनेमात एकही संवाद नाही. वर्णनकाराला फटी शोधायच्या नाहीत, सगळा सिनेमाच फट आहे. इथे मोह होतो तो अखंड बोलण्याचा. तसं केलं की सिनेमा संपतो आणि लहान मुलांची ध्वनिफीत सुरू होते. पाणी चढतंय ते ऐकू द्या, नखं लाकडावर घसरतात ती ऐकू द्या. पण याच सिनेमात एक सापळा आहे. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. पण कॅपिबाराचा, म्हणजे उंदराच्या कुळातल्या एका मोठ्या, गुबगुबीत प्राण्याचा, खरा आवाज त्या शांत, सुस्त पात्राला शोभेना म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला. डोळस माणसाला कॅपिबारा दिसतो, त्यामुळे तो आवाज त्याचाच वाटतो. मला काय वाटेल? नावेत उंट चढला! म्हणजे तो प्राणी पहिल्यांदा तोंड उघडायच्या आत त्याचं नाव आणि रूप माझ्यापर्यंत पोचलंच पाहिजे. उशीर झाला की नाव बुडाली.

दुसरा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’, २०२३ चा, जोनाथन ग्लेझर यांचा. आउशवित्झ छळछावणीच्या कमांडंटचं घर, बाग, मुलं, पोहण्याचा हौद. भिंतीपलीकडे छावणी. कॅमेरा भिंतीपलीकडे जवळजवळ डोकावतच नाही, पण आवाज येत राहतात. ध्वनीचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं ते उगाच नाही. इथे दोन सिनेमे एकाच वेळी चालू आहेत, एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा. वर्णनकार दिसणाऱ्याबद्दल बोलायला लागला, फुलं, चादरी, केक, की ऐकू येणारा झाकला जातो. म्हणजे भिंतीआडचं ऐकू न येण्याची सोय तो कमांडंटच्या बायकोसारखी मलाही करून देतो. एका कर्तव्यदक्ष वर्णनकाराच्या हातून केवढा अनर्थ! इथे जितकं कमी बोलाल तितकं बरं. सुरुवातीला तर पडदा बराच वेळ नुसता काळा असतो आणि मिका लेव्हीचं संगीत चालू राहतं. ‘काळा पडदा’ एवढं म्हणावं आणि हात जोडून गप्प बसावं. डोळस लोक त्या वेळी खुर्चीत चुळबुळ करतात म्हणे. मला त्यात काही नवीन नव्हतं. (डेरेक जार्मन यांनी १९९३ मध्ये ‘ब्लू’ नावाचा सिनेमा केला, तेव्हा त्यांची स्वतःची नजर जात होती. ७९ मिनिटं पडद्यावर फक्त निळा रंग, बाकी सगळा आवाज. माझ्या माहितीतला तो सर्वांत न्यायी सिनेमा.) मात्र ‘झोन’मध्ये एका जागी बोलावंच लागतं. एक मुलगी रात्री कैद्यांसाठी सफरचंदं लपवून ठेवते, ते प्रसंग उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने घेतलेत. काळोखात ती पांढरी चमकते. हे आवाजातून कुणालाही कळणार नाही. ते न सांगणं म्हणजे सिनेमातला एकमेव उजेड गाळणं.

तिसरा ‘ओपनहायमर’, तोही २०२३ चा. एक धागा रंगीत, दुसरा कृष्णधवल. हे सुरुवातीला सांगावं आणि धागा बदलला की एका शब्दात आठवण करून द्यावी, दर वेळी भाषण नको. खरी कसोटी ट्रिनिटीची, म्हणजे पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीची. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागाहून. सिनेमातही स्फोट आधी दिसतो, आवाज बराच वेळ नाही, फक्त श्वास. डोळस प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे आगीचा लोळ असतो. आता ‘झोन’मधला माझा सल्ला इथे लावून वर्णनकार आदराने गप्प बसला तर? तर माझ्यासाठी अजून स्फोटच झालेला नाही! मी वाट पाहत बसते, आणि आवाज येतो तेव्हा उशिरा दचकते. इथे बोलायलाच हवं, आणि धडाक्याच्या आत संपवायला हवं. मी शांततेची एवढी पुरस्कर्ती, पण शांतता हा नियम नाही. ती कुणाच्या ताब्यात आहे ते बघावं लागतं.

थिएटरमध्ये जाऊन पाहता की घरीच? – एक वाचक

जमेल तेव्हा थिएटरमध्ये. चारशे माणसं एकदम श्वास रोखतात तो आवाज घरी कुठला? वर्णन ऐकण्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे थिएटरने दिलेला रिसीव्हर आणि हेडफोन, दुसरा फोनमधलं अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये वर्णन आधीच उतरवून ठेवायचं. फोन माइकने सिनेमाचा आवाज ओळखतो आणि वर्णन त्याच्याशी जुळवून घेतो. अ‍ॅप मला जास्त भरवशाचं वाटतं, बॅटरी भरलेली असेल तर.

रिसीव्हरचा एक किस्सा. एका थिएटरात, नाव सांगत नाही, काउंटरवरच्या मुलाने मोठ्या अगत्याने यंत्र दिलं. सिनेमा सुरू झाला, वर्णन नाही, फक्त संवाद कानठळ्या बसतील इतके मोठे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचं यंत्र होतं ते. बाहेर गेले, दुसरं आणलं, त्याचे सेल संपलेले. पुन्हा गेले. तिसऱ्या यंत्रात छान, स्पष्ट वर्णन चालू झालं. पडद्यावर नायक-नायिका हलक्या आवाजात काहीतरी अबोध बोलत होते आणि माझ्या कानात बाई सांगत होती, ‘तो गाडीच्या टपावर उडी मारतो.’ यंत्र शेजारच्या पडद्यासाठी लावलेलं. खरं सांगते, दहा मिनिटं मी तसंच ऐकलं. तो सिनेमा त्यामुळे बराच सुसह्य झाला.

म्हणून सल्ला एकच: सिनेमा सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी जा आणि जाहिरातींमध्येच कानाला लावून बघा. दोन यंत्रांमधला फरक काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं धरून चालू नका, ‘मला दिसत नाही, ऐकू येतं’ हे स्वच्छ सांगा.

आता वर्णनाला यंत्राचा आवाज वापरतात. तुम्हाला चालतो? – माहिती तंत्रज्ञानातला एक वाचक

दिवसभर माझा फोन आणि संगणक यंत्राच्याच आवाजात माझ्याशी बोलतात, तेही अशा वेगाने की तुम्हाला एक शब्द कळणार नाही. त्यामुळे मला त्याचं वावडं नाही. पण तो आवाज मला विजेची बिलं वाचून दाखवतो. तोच आवाज ‘ती त्याच्या छातीवर डोकं ठेवते’ म्हणाला की मला वाटतं, आता शेवटची तारीख सांगेल.

तरी माणसाने विचार करून लिहिलेलं वर्णन यंत्राने वाचलेलं मी घेईन, वाईट लिहिलेलं गोड गळ्याने वाचलेलं नको. लिहिणंही यंत्राकडे दिलं की ‘एक माणूस खोलीत आहे’ अशी वाक्यं येतात. कोणता माणूस? सिनेमाभर ज्याला शोधत होतो तो? चित्रात काय आहे हे यंत्र सांगतं. त्यातलं आत्ता काय महत्त्वाचं आहे, हे मागचा दीड तास पाहिल्याशिवाय कळत नाही.

तुम्हाला स्वप्नात दिसतं का? – बारा वर्षांची वाचक

दिसतं. आणि तिथे वर्णन करणारं कुणी नसतं, त्यामुळे बरीचशी स्वप्नं मला कळतच नाहीत.

माझ्या यजमानांची नजर गेल्या वर्षी गेली. पूर्वी आम्ही दर आठवड्याला सिनेमा बघायचो. आता ते टीव्ही लावला की उठून जातात. कुठून सुरुवात करू? – एक वाचक भगिनी

नव्या सिनेमापासून करू नका. त्यांनी दहा वेळा पाहिलेला, संवाद पाठ असलेला एखादा निवडा आणि त्याला वर्णन आहे का ते बघा. ओळखीच्या घरात माणूस अंधारातही चालतो. वर्णनाची सवय लागायला वेळ लागतो, त्यात गोष्टही नवी असली की दोन्हीकडून दमछाक होते. मलाही सुरुवातीला वाटायचं, ही कोण बया मधेमधे बोलतेय! साधारण चौथ्या-पाचव्या सिनेमाला ती बया ऐकू यायची थांबते आणि तिने सांगितलेलं दिसायला लागतं.

वर्णन बहुतेक ठिकाणी सेटिंग्जमध्ये नाही, भाषा निवडतो त्या ऑडिओच्या यादीत असतं, भाषेच्या नावापुढे. पहिल्यांदा तुम्ही लावून द्या, पण दुसऱ्यांदा रिमोट त्यांच्या हातात द्या. शक्य असेल तर फोनवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, शिकून घेऊ द्या, म्हणजे काय बघायचं हे त्यांचं ते शोधतील. नजर गेल्यावर माणसाला सिनेमाइतकीच निवडायची मोकळीकही आठवत राहते.

आणि सिनेमा चालू असताना वर्णनावर तुमचं वर्णन नको. फार कठीण जाईल, माझ्या आईला आजही जमत नाही. मध्ये थांबवून त्यांनी काही विचारलं तर सांगा. सिनेमा संपल्यावर मात्र तुम्ही त्यांना विचारा, आवाजात काय काय ऐकलं ते. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, तुमचं बरंच निसटलेलं असेल. ते पुन्हा उठून गेले, तर जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच आवाजात, तोच सिनेमा पुन्हा लावा आणि दार उघडं ठेवा.